पानावरची पोस्ट येते कुठून?

वेलिंग्टनहून सुटलेली हट व्हॅलीची लोकल पाऊण तासात अप्पर हटला येते आणि तिथेच थांबते. विजेची तार तिथवरच आहे. पुढे रेमुटाका डोंगराच्या बोगद्यातून वायरारापाकडे जाते ती डिझेलची गाडी. नदीच्या खोऱ्यातल्या या शहरातून रोज सकाळी बरीच माणसं राजधानीत कामाला जातात. सरकारी कचेऱ्या तिथे, आणि त्या कचेऱ्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्याही तिथेच. त्यातल्या एका कंपनीच्या कामावरून आपल्याला एक प्रश्न सोडवता येतो. फेसबुकवर किंवा ट्विटरवर टाकलेली पोस्ट दुसऱ्याच एखाद्या वेबसाइटच्या पानावर दिसते, ती तिथे पोहोचते कशी? आणि एके दिवशी अचानक दिसेनाशी का होते?

कंपनीचं नाव सिल्व्हरस्ट्राइप. टिम कोपलंड, सिगर्ड मॅग्नुसन आणि सॅम मिने या तिघांनी २००० साली वेलिंग्टनमध्ये ती सुरू केली. वेबसाइटचा मजकूर सांभाळणारी एक प्रणाली आणि तिच्या पोटात एक फ्रेमवर्क असं त्यांनी पीएचपी भाषेत उभं केलं. फ्रेमवर्क म्हणजे प्रत्येक वेबसाइटला लागणाऱ्या त्याच त्या गोष्टींचा तयार सांगाडा: लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं, पानाचा साचा. सुरुवातीला या सांगाड्याचं नाव ‘सफायर’ होतं. पुढे सगळं बीएसडी परवान्याखाली खुलं झालं, २००७मध्ये ‘गूगल समर ऑफ कोड’मध्ये सामील झालं आणि २००८ साली डेन्व्हरला भरलेल्या अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाची वेबसाइट त्यावर चालली. न्यूझीलंड सरकारनं २०१३मध्ये आपल्या खात्यांसाठी ‘कॉमन वेब प्लॅटफॉर्म’ उभारला तोही याच सॉफ्टवेअरवर.

आता एक काल्पनिक मंडळ घेऊ. अप्पर हटमधल्या मराठी घरांचं, पाचपन्नास सभासदांचं. मंडळाची वेबसाइट सिल्व्हरस्ट्राइपवर आहे आणि त्या वेबसाइटवर अजून मागच्या वर्षीच्या कोजागरीची सूचना झळकते आहे. फेसबुकवर मात्र मंडळ जिवंत आहे: गणपतीच्या आरतीची वेळ, शिवजयंतीला हॉल कुठला, जेवणात कोण काय आणणार, सगळं तिथे. कार्यकारिणीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘अरे, फेसबुकवरचंच वेबसाइटवर आपोआप येऊ दे ना!’ सगळे माना डोलावतात आणि काम त्या एका सभासदाच्या गळ्यात पडतं, जो ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे.

त्याच्यासमोर पहिला रस्ता अगदी सोपा. फेसबुक एक छोटा तुकडा देतं, तो पानात चिकटवला की चौकट दिसू लागते. सर्व्हरवर काही करावं लागत नाही. पण मग मंडळाचं पान उघडणाऱ्या प्रत्येकाचा ब्राउझर परस्पर फेसबुकशी बोलतो, ती व्यक्ती फेसबुकवर असो वा नसो. युरोपीय न्यायालयानं जुलै २०१९मध्ये ‘फॅशन आयडी’ या जर्मन कपडेविक्रेत्याच्या खटल्यात सांगितलं, की पानावर ‘लाइक’चं बटण बसवणाराही माहिती गोळा करून फेसबुककडे धाडण्यापुरता जबाबदार ठरतो. न्यूझीलंडला तो निकाल लागू नाही, पण तिथला २०२०चा गोपनीयता कायदाही लोकांची माहिती गोळा करताना त्यांना ते कळलं पाहिजे असंच धरून चालतो. मला विचाराल तर पाचपन्नास सभासदांच्या मंडळानं आपल्या आजी-आजोबांच्या मागे फेसबुकचा पहारेकरी लावू नये. म्हणून दुसरा रस्ता: मजकूर आपल्या सर्व्हरनं जाऊन आणायचा. इथे लागतो एपीआय, आणि एपीआयशी बोलणारा क्लायंट.

एपीआय म्हणजे रेल्वेच्या खिडकीवरचा आरक्षणाचा फॉर्म समजा. रकाने ठरलेले, क्रम ठरलेला. एक रकाना चुकला की फॉर्म परत. आत कारभार कसा चालतो याच्याशी बाहेरच्याला देणंघेणं नाही. क्लायंट म्हणजे तो फॉर्म बिनचूक भरून देणारा, आलेलं उत्तर उलगडून आपल्या प्रोग्रॅमच्या हाती ठेवणारा कोड. तो बहुधा आधीच कुणीतरी लिहून ठेवलेला असतो. ट्विटरसाठी अब्राहम विल्यम्स यांची ‘ट्विटरओऑथ’ ही पीएचपी लायब्ररी वर्षानुवर्षं वापरात होती. फेसबुकनं स्वतःच पीएचपीसाठी एक संच दिला होता.

सुरुवातीच्या काळात एवढंही लागत नसे. सिल्व्हरस्ट्राइपमध्ये ‘रेस्टफुलसर्व्हिस’ नावाचा क्लास होता. त्याला पत्ता द्यायचा, तो उत्तर घेऊन यायचा आणि ते एक तास स्वतःजवळ जपून ठेवायचा; तासाभरात पुन्हा मागणी आली तर जपलेलंच द्यायचा. ट्विटरच्या सार्वजनिक पोस्ट तेव्हा ओळख न सांगताही मिळत. एका सर्व्हरच्या पत्त्यावरून तासाला १५० मागण्या, एवढीच मर्यादा. स्वस्तातल्या होस्टिंगवर मात्र एकाच पत्त्यामागे शेकडो वेबसाइट असायच्या. तुमची वेबसाइट दिवसातून दोनदाच विचारत असली तरी शेजाऱ्यांनी कोटा संपवलेला असे आणि तुमच्या चौकटीत शून्य पोस्ट. त्या काळात कित्येकांनी आपला कोड पुन्हा पुन्हा तपासला असेल, आणि त्यात चूक नव्हतीच!

ओळख न सांगता वाचणं ठीक, पण कुणाच्या वतीनं पोस्ट टाकायची तर? तेव्हाची पद्धत आज ऐकवत नाही: वेबसाइट तुमचा ट्विटरचा पासवर्डच मागून घ्यायची आणि जवळ ठेवायची. या प्रकारावर उतारा म्हणून २००७च्या अखेरीस ‘ओऑथ’चा पहिला मसुदा पक्का झाला. त्यात तिसऱ्या वेबसाइटला पासवर्ड मिळत नाही. तुम्ही ट्विटरच्याच पानावर जाऊन ‘हो’ म्हणता, आणि त्या वेबसाइटला एक टोकन मिळतं. ते ठरावीक कामांपुरतंच चालतं आणि पासवर्ड न बदलताही रद्द करता येतं. ३१ ऑगस्ट २०१० रोजी ट्विटरनं पासवर्डचा रस्ता बंद केला. जून २०१३मध्ये एपीआयची पहिली आवृत्तीच बंद झाली आणि नुसतं वाचायलाही टोकन लागू लागलं. ‘रेस्टफुलसर्व्हिस’वर उभ्या असलेल्या ट्विटरच्या चौकटी तेव्हा रिकाम्या झाल्या.

ओऑथच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक मागणीवर सही करावी लागे. मागणीतली सगळी नावं आणि किमती वर्णक्रमानं लावायच्या, त्यांची एक लांबलचक ओळ करायची, तिच्यावर गुप्त किल्लीनं ‘एचमॅक-शा-१’ हे गणित चालवायचं आणि निघालेली सही सोबत जोडायची. ट्विटर तिकडे तेच गणित करतं. एका अक्षराचा फरक पडला तरी उत्तर एकच: अनधिकृत. काय चुकलं ते कळत नाही.

मराठी लिहिणाऱ्याला हा जाच जास्त. ओळ तयार करताना इंग्रजी नसलेलं प्रत्येक अक्षर टक्क्याच्या चिन्हांत बदलावं लागतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात; म्हणजे एका ‘अ’ची नऊ. मग सगळी ओळ पुन्हा एकदा त्याच रीतीनं बदलायची असते. आता टक्क्याच्या प्रत्येक चिन्हाचीच तीन चिन्हं होतात आणि ‘अ’ पंधरा चिन्हं लांब होतो. त्यात पीएचपीकडे या कामाची दोन फंक्शन्स आहेत, ‘यूआरएलएनकोड’ आणि ‘रॉयूआरएलएनकोड’. पहिलं मोकळ्या जागेचं अधिकचिन्ह करतं, दुसरं टक्का-वीस. ओऑथला दुसरंच चालतं. एका शब्दाची पोस्ट जाते, दोन शब्दांची अडते, याचं कारण बहुतेक वेळा हेच. शिवाय मागणीत वेळेचा शिक्का असतो, त्यामुळे सर्व्हरचं घड्याळ बरंच मागे-पुढे असेल तरीही सही फेटाळली जाते. २०१२च्या ऑक्टोबरात ओऑथ २.० आलं, तेव्हा हे सहीचं प्रकरण संपलं. सुरक्षेचा भार एचटीटीपीएसवर गेला. त्याच्या मसुद्याचे प्रमुख संपादक इरॅन हॅमर मात्र काम पुरं होण्याआधीच चिडून बाहेर पडले आणि आपलं नावही त्यावरून काढायला लावलं. त्यांच्या मते नवा आराखडा फार सैल झाला होता. कोड लिहिणाऱ्या सामान्य माणसाला मात्र हायसं वाटलं असणार.

क्लायंट मिळाला, टोकन मिळालं. आता तो क्लायंट फ्रेमवर्कमध्ये बसवायचा. ऐकायला हे फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवण्याइतकं सोपं वाटतं, आणि जुन्या सिल्व्हरस्ट्राइपमध्ये करायचेही तसंच. मॉड्यूलची, म्हणजे जोडायच्या भागाची, झिप उतरवायची, साइटच्या मुळाशी सोडायची. फ्रेमवर्क सगळी फोल्डरं पिंजून काढतं, प्रत्येक फाइलमध्ये कुठला क्लास आहे याची यादी बनवतं आणि तुम्ही नाव घेताच तो क्लास हजर करतं. सोय मोठी, पण त्यातच गोम. कारण त्या काळातली जवळजवळ प्रत्येक लायब्ररी ओऑथची तीच एक फाइल पोटात घेऊन फिरत असे. ट्विटरचं मॉड्यूल टाकलं, सुरळीत. दुसऱ्या कुठल्या सेवेचं टाकलं की अख्खी साइट ठप्प, आणि पडद्यावर तक्रार: या नावाचा क्लास दोन फाइलींमध्ये सापडला. सर्व्हरवर पीएचपीचं ओऑथ एक्स्टेन्शन आधीच बसवलेलं असेल तर आणखी एक टक्कर, कारण ‘ओऑथएक्सेप्शन’ हे नाव त्यानंही घेतलेलं. यावर तोडगा म्हणून लायब्ररीच्या फोल्डरमध्ये ‘_मॅनिफेस्ट_एक्स्क्लूड’ नावाची रिकामी फाइल ठेवायची, म्हणजे फ्रेमवर्क त्या फोल्डरकडे डोळेझाक करतं. मग ती लायब्ररी आपल्या हातानं बोलवावी लागते.

हा गोंधळ मिटवला दोन गोष्टींनी. एक, नेमस्पेस: पीएचपी ५.३पासून क्लासच्या नावाला आडनाव लावता येऊ लागलं आणि सिल्व्हरस्ट्राइपनं चौथ्या आवृत्तीत, २०१७मध्ये, ते सर्वत्र वापरलं. दुसरी, ‘कंपोजर’. निल्स आडरमान आणि जॉर्डी बोगियानो यांनी २०१२मध्ये आणलेलं हे साधन कुठल्या लायब्ररीला कुठली दुसरी लायब्ररी, कुठल्या आवृत्तीत लागते ते वाचतं आणि सगळ्यांना चालेल अशी एकच जुळणी शोधून उतरवतं. जुळणी निघत नसेल तर आधीच नकार देतं. साइट चालू असताना पडण्यापेक्षा बसवतानाच अडलेलं केव्हाही बरं.

नवशिके इथे थांबतात. क्लायंट बसला, पान तयार करणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे कंट्रोलरमध्ये, चार ओळी लिहिल्या, पोस्ट दिसल्या, झालं. खरी चूक इथेच होते. या चार ओळी पान उघडताना चालतात, म्हणजे पाहुणा वाट पाहत असताना आपला सर्व्हर अमेरिकेला विचारायला जातो. न्यूझीलंडहून हे अंतर नुसतं ‘लांब’ म्हणून भागत नाही, मोजून पाहिलं पाहिजे. वेलिंग्टन ते लॉस एंजेलिस साडेदहा हजार किलोमीटरहून जास्त. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सगळं यंत्र क्षणात उत्तर देणारं मानलं तरी जाऊन-येऊन सेकंदाचा दहावा भाग गेलाच. आणि एक फेरी पुरत नाही. जोडणी सुरू करायला एक, जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएसच्या जुन्या पद्धतीत किल्ल्यांच्या देवघेवीला दोन, प्रत्यक्ष मागणीला एक, अशा चार फेऱ्या. चार दशांश सेकंद केवळ भौतिकशास्त्रानं खाल्ले. यावर कोणताही कोड उपाय करू शकत नाही. सर्व्हर अप्पर हटच्या जवळ आणून फायदा नाही, कारण ज्याला विचारायचं ते तिकडे आहे.

हे झालं सगळं ठीक असताना. तिकडून उत्तरच आलं नाही तर? पीएचपीमध्ये अशा मागण्या बहुधा ‘कर्ल’ करतं. मुदत सांगितली नाही तर जोडणी होण्यासाठी ते पाच मिनिटं थांबतं, आणि जोडणी झाल्यावर उत्तरासाठी कितीही वेळ. पीएचपीची स्वतःची तीस सेकंदांची मर्यादा इथे वाचवेल असं वाटतं, पण लिनक्सवर ती फक्त प्रोग्रॅम चालण्याचा वेळ मोजते, बाहेरच्या उत्तराची वाट पाहण्याचा नाही. दहा पाहुणे आले, दहा पीएचपी प्रक्रिया फेसबुककडे डोळे लावून बसल्या, अकराव्याला मंडळाचं नुसतं संपर्काचं पानही मिळत नाही. १४ नोव्हेंबर २०१६ला, मध्यरात्र उलटून दोनच मिनिटं झाली असताना, कायकौऱ्याचा ७.८चा भूकंप झाला आणि वेलिंग्टनसकट सगळा परिसर हादरला. अशा रात्री लोक नेमक्या स्थानिक वेबसाइटच उघडतात, आणि नेमका तेव्हाच इंटरनेटचा भरवसा सर्वात कमी असतो.

म्हणून आणणं आणि दाखवणं ही दोन कामं वेगळी करायची. सिल्व्हरस्ट्राइपमध्ये ‘बिल्डटास्क’ लिहायचा, सर्व्हरच्या क्रॉननं, म्हणजे कामांच्या वेळापत्रकानं, तो दर पंधरा-वीस मिनिटांनी चालवायचा, त्यानं पोस्ट आणून आपल्याच डेटाबेसमध्ये ठेवायच्या. पान फक्त डेटाबेस वाचतं. तिकडचं दार बंद असलं तर पाहुण्याला कालची पोस्ट दिसते, पांढरा पडदा नाही. मर्यादांचा प्रश्नही सुटतो: दिवसाला हजार लोक आले तरी आपण विचारणार तेवढ्याच वेळा.

डेटाबेसमध्ये ठेवायचं म्हटल्यावर आपल्या लिपीचा आणखी एक किस्सा. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाखाली वर्षानुवर्षं जे मिळत होतं ते खरं यूटीएफ-८ नव्हतंच. ते एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देई. देवनागरी तीनात बसते, म्हणून मराठी मजकूर सुखरूप. पण इमोजीला चार लागतात. मंडळाच्या पोस्टमध्ये ‘सर्वांनी यावे ही विनंती’ झाल्यावर हात जोडल्याचं चिन्ह आलं, की जुन्या ढिल्या सेटिंगमध्ये मजकूर तिथेच तुटायचा आणि पुढचा पत्ता, वेळ, सगळं गायब. कडक सेटिंगमध्ये सरळ चूक यायची आणि पोस्ट साठवलीच जायची नाही. तपासणाऱ्यानं साध्या मजकुरावर चाचणी घेतलेली असते, त्यामुळे त्याच्याकडे सगळं चालतं. २०१० साली ‘यूटीएफ८एमबी४’ आलं तेव्हा हा दोष दूर करता येऊ लागला, पण जुन्या तक्त्यांना ते आपण होऊन लावावं लागतं.

मजकूर छोटा करून दाखवायचा तर पुन्हा सांभाळून. बाइट मोजून कापलं तर अक्षराचे तुकडे होऊन प्रश्नचिन्हं दिसतात. युनिकोडची चिन्हं मोजून कापलं तर ‘कार्यक्रम’ चौथ्या चिन्हाला तुटून ‘कार्’ एवढंच उरतं, पाय मोडलेल्या र सकट. अक्षरसमूह ओळखणारी फंक्शन्स पीएचपीत आहेत, पण ‘क्ष’सारखं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये आला २०२३च्या १५.१ आवृत्तीत, त्याआधीच्या सर्व्हरवर तीही हलन्तापाशी कापतात. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे शब्दांच्या मधल्या जागेवर कापणं. सिल्व्हरस्ट्राइपच्या साच्यात ‘लिमिटवर्डकाउंट’ आहे, ते तेच करतं.

आणि तारखा! एपीआय वेळ देतो ती जागतिक, यूटीसी. १९ फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता अप्पर हटमध्ये कुणी शिवजयंतीच्या शुभेच्छा टाकल्या, तर यूटीसीप्रमाणे ती वेळ १८ तारखेची रात्री आठची. फेब्रुवारीत तिथे उन्हाळी वेळ चालू असते, यूटीसीच्या १३ तास पुढे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती १२वर येते. भारताशी फरकही त्यानुसार साडेसात तासांचा साडेसहा होतो. म्हणून ‘अधिक तेरा’ असं कोडमध्ये लिहून मोकळं होणारा एप्रिलमध्ये फसतो. ‘पॅसिफिक/ऑकलंड’ असं क्षेत्राचं नाव द्यायचं आणि हिशेब पीएचपीवर सोडायचा.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. क्लायंट कुठल्या कंपनीचा, टोकन कसलं, उत्तराचा आकार कसा, हे साइटच्या बाकीच्या कोडला कळताच कामा नये. मध्ये आपला एक पातळ थर ठेवायचा. त्याला एवढंच विचारता यावं: ‘नव्या पोस्ट दे.’ त्यानं मजकूर, वेळ, दुवा आणि चित्र एवढंच द्यावं, आपल्याच ठरवलेल्या रूपात. सिल्व्हरस्ट्राइपच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘इंजेक्टर’ नावाची सोय आहे. कुठल्या कामासाठी कुठला क्लास वापरायचा हे एका यॅमल फाइलमध्ये लिहायचं. आज तिथे फेसबुकचा क्लास, उद्या दुसरा, आणि चाचणीच्या वेळी एक खोटा क्लास जो ठरलेल्या तीन पोस्ट देतो. नव्या विद्यार्थ्याला हा थर उगाचचा व्याप वाटतो. एकच सेवा तर आहे, मध्ये आणखी फाइल कशाला? याचं उत्तर त्या सेवांच्या इतिहासात आहे.

फेसबुकनं ग्राफ एपीआय २०१०मध्ये आणला आणि त्याची पहिली आवृत्ती ३० एप्रिल २०१५ला बंद केली. मित्रांची माहिती खेचणारे कितीतरी प्रयोग त्या दिवशी संपले, आणि ते योग्यच झालं. फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती परस्पर वापरल्याचं केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण २०१८च्या मार्चमध्ये फुटलं आणि एप्रिलमध्ये फेसबुकनं बरीच दारं घाईघाईनं लावली. सार्वजनिक पानांवरचा मजकूर वाचायलाही आता अ‍ॅपची तपासणी करून घ्यावी लागे. पुढे त्यांनी स्वतःचा पीएचपी संचही संग्रहात टाकला, म्हणजे त्याची देखभाल थांबवली. ट्विटरनं २ फेब्रुवारी २०२३ रोजी जाहीर केलं, की आठवड्याभरात फुकट एपीआय बंद. मुदत थोडी लांबली, पण मार्चअखेर नवे दर आलेच: वाचायचं असेल तर सर्वात स्वस्त पातळी तेव्हा महिन्याला १०० डॉलर होती. मंडळाच्या खजिनदारापुढे हा आकडा ठेवून पाहा! न्यूयॉर्कच्या रेल्वे-बस चालवणाऱ्या एमटीएनं एप्रिलच्या शेवटी ट्विटरवर सूचना देणंच थांबवलं. काही दिवसांत ट्विटरला सार्वजनिक सेवांपुरती माघार घ्यावी लागली. छोट्या वेबसाइटसाठी कुणी माघार घेतली नाही. ज्यांनी मध्ये थर ठेवला होता त्यांनी एक क्लास बदलला; बाकीच्यांना साचे, कंट्रोलर, तक्ते सगळीकडे ‘ट्वीट’ हा शब्द शोधत बसावं लागलं.

कंपन्यांच्या आधी माणसंच बदलतात, हेही ध्यानात ठेवावं. फेसबुकचं टोकन पानाचं असलं तरी ते कुणा एका व्यक्तीच्या लॉगिनमधून निघालेलं असतं. सुरुवातीला मिळणारं टोकन तास-दोन तास टिकतं, त्यावरून साधारण ६० दिवसांचं मिळतं, त्यावरून पानाचं कायमचं. त्या व्यक्तीनं पासवर्ड बदलला की ‘कायमचं’ टोकनही बाद होऊ शकतं. मंडळाच्या सेक्रेटरींनी ते मोठ्या हौसेनं काढून दिलेलं असतं, मग त्यांची मेलबर्नला बदली होते, पासवर्ड बदलतो, आणि इकडे चौकट गोठते. जपलेल्या पोस्टमुळे ते कुणाच्या लगेच लक्षातही येत नाही. त्यामुळे टास्क शेवटचा कधी यशस्वी झाला ते डेटाबेसमध्ये लिहून ठेवावं आणि दोन दिवस उलटले तर कार्यकारिणीला ईमेल जावं. टोकन स्वतः ‘एन्व्ह’ फाइलमध्ये असावं, कोडमध्ये कधीच नाही. कोड सगळ्यांना दिसतो, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात पुसलेलंही उरतं.

सगळेच एपीआय असे लहरी नसतात. अप्पर हटच्या खोऱ्यातूनच वेलिंग्टन फॉल्ट ही भूकंपाची भेग जाते. तिथल्या हारकोर्ट पार्कमध्ये भूकंपांनी सरकवलेल्या नदीच्या पायऱ्या बघता येतात. त्या भागातले धक्के टिपणाऱ्या ‘जिओनेट’चा एपीआय कुणालाही किल्लीशिवाय वापरता येतो आणि उत्तर साध्या जिओजेसनमध्ये येतं. लोकलच्या वेळा देणाऱ्या मेटलिंकचाही खुला एपीआय आहे, नाव नोंदवून किल्ली घेतली की झालं. जनतेच्या पैशानं गोळा झालेली माहिती जनतेला देणं हेच यांचं काम, म्हणून दार लावण्यात त्यांचा फायदा नाही. समाजमाध्यमांमध्ये याच्या जवळ जातं मॅस्टोडॉन. ते ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपब नियमांवर चालतं त्यांना जानेवारी २०१८मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीनं मानक म्हणून मान्यता दिली.

माझं मत विचाराल तर मंडळानं दिशाच उलटी करावी. सूचना आधी आपल्या वेबसाइटवर लिहायची आणि तिथून ती फेसबुकला, मॅस्टोडॉनला, जिथे लोक असतील तिथे धाडायची. मूळ प्रत आपल्याकडे, बाहेर फक्त तिच्या नकला. सिल्व्हरस्ट्राइपमध्ये पान प्रकाशित झालं की ‘ऑनआफ्टरपब्लिश’ ही जागा मिळते. तिथून थेट एपीआयला हाक मारायची नाही, नाहीतर संपादकाचं बटण अमेरिकेच्या उत्तरासाठी अडून बसेल. ‘क्यूड जॉब्स’ या मॉड्यूलच्या रांगेत एक काम टाकायचं आणि परत यायचं.

या उलट्या दिशेत एक नवी अडचण येते, जी वाचताना कधी आली नव्हती. आपण पोस्ट धाडली आणि उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, तर ती तिकडे लागली की नाही हे कळायला मार्ग नसतो. पुन्हा धाडली तर गणपतीचं आमंत्रण दोनदा दिसण्याची भीती. ट्विटर लागोपाठ तोच मजकूर आला तर तो नाकारायचं आणि तशी चूक कळवायचं; तो नकार हीच पोहोचल्याची पावती मानायची. मॅस्टोडॉननं जास्त नेटकी सोय केली आहे: मागणीसोबत आपण बनवलेली एक वेगळी खूण द्यायची, आणि तीच खूण घेऊन दुसरी मागणी आली तर सर्व्हर नवी पोस्ट न करता पहिलीच परत देतो. ही खूण पोस्ट धाडण्याच्या आधी डेटाबेसमध्ये लिहून ठेवायची असते. काम पुन्हा चालताना ती नव्यानं बनवली, तर आमंत्रण दोनदा जातंच.